बिनधुराची शेगडी

मला जुनी म्हणायचं की नवी, हे तुम्हीच ठरवा, मित्रांनो. माझं वय अवघं तीन वर्षांचं. अंगावर गंज नाही, चारही चाकं फिरतात, आणि वीज मिळाली तर माझ्या पाटीवरचे लाल आकडे आजही उजळतील. पण गेल्या दसऱ्यापासून माझ्यात विस्तव पेटलेला नाही. जिच्यात विस्तव नाही ती शेगडी जुनीच समजायची. बंगळूरच्या के. आर. पुरममध्ये विश्वासराव आणि सकवारबाई या म्हाताऱ्या नवराबायकोचं बैठं घर आहे. त्या घराच्या मागच्या पडवीत, निजायच्या खोलीच्या खिडकीबाहेर, मी निळं प्लास्टिक पांघरून उभी आहे.

दुकानात मला पेलेट ग्रिल म्हणत. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या, खडूच्या तुकड्यांएवढ्या. माझ्या कुशीला एक डबा आहे, त्यात त्या भरायच्या. डब्याच्या तळाशी एक लांब स्क्रू फिरतो आणि कांड्या थोड्या थोड्या पुढे ढकलतो. पुढे लोखंडी वाटीत त्या पेटतात, पंखा त्यांना वारा घालतो, आणि वर जाळीवर ठेवलेलं शिजतं. किती आच हवी तो आकडा लावला की बाकीचं माझं मी पाहते. फुंकणी नको, लाकूड सारायला नको. फुशारकी मारत नाही, पण चार-चार तास एकसारखी मंद आच धरून ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही, ते मला जमतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पत्रा वाकवला, रंग भाजून पक्का केला, खोक्यात घातलं, एवढंच. मग जहाज, मग चेन्नईचं बंदर, मग ट्रक, आणि देवनहळ्ळीजवळच्या एका गोदामात सहा महिने अंधार. त्यानंतर शहरातल्या एका मोठ्या दुकानात मला मांडलं. माझ्या एका अंगाला एक ठेंगणी होती, दुसऱ्या अंगाला एक भलीथोरली. आम्ही तिघी दाखवायला बसवलेल्या मुलींसारख्या ओळीत उभ्या. लोक यायचे, झाकण उघडून बघायचे, शेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि निघून जायचे. असेच दिवस गेले, आणि एका सकाळी विश्वासराव आले.

त्यांची हकीगत मला पुढे त्यांच्याच गप्पांतून कळली, ती इथेच सांगून टाकते. विश्वासरावांचं पेटेत, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारभागात, एक लहानसं मिलिटरी हॉटेल होतं. बंगळूरला मटणाच्या खाणावळीला मिलिटरी हॉटेल म्हणतात. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड. हॉटेलात पुढे गल्ल्यावर विश्वासराव बसत आणि मागे चुलीपुढे सकवारबाई. चिंचेच्या आणि सुरूच्या लाकडावर त्यांनी चाळीस वर्षं मटण शिजवलं. गिऱ्हाईकं तोंड भरून कौतुक करत, पण ते गल्ल्यापाशी. मागे चुलीपर्यंत ते पोचतच नसे.

मागे पोचला तो फक्त धूर. चाळीस वर्षांत तो सकवारबाईंच्या छातीत जाऊन बसला. चार पावलं टाकली की धाप लागे. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसांचा जो भाग गेला तो परत यायचा नाही, उरलेला राखायचा असेल तर धुराच्या जवळही जाऊ नका. विश्वासरावांनी त्याच महिन्यात हॉटेल बंद केलं. त्यांची ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येणार आहे. मलाही आला होता.

घरी गॅस आला. पण गॅसवरचं मटण सकवारबाईंच्या घशाखाली उतरेना. वासच नाही, म्हणायच्या, आणि ताट पुढे सारायच्या. आधी मटण सुटलं, मग जेवणच कमी कमी होत गेलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तेव्हा विश्वासरावांनी मनाशी ठरवलं की हिला लाकडाच्या आचेचा वास परत द्यायचा, पण धूर द्यायचा नाही. अशी शेगडी शोधत तो माणूस वर्षभर बंगळूर पालथं घालत होता.

दुकानात रम्या नावाची विक्रेती होती. मुलगी हुशार आणि सरळ. तिनं आधी विचारलं, किती माणसं, आठवड्यातून किती वेळा, आणि ठेवणार कुठे. दोन माणसं, आठवड्यातून तीन-चारदा, विश्वासराव म्हणाले. मग ती एकेक समजावत गेली. ठेंगणीचा डबा लहान, मंद आचेवर मटण लावलं तर मध्येच रिकामा होईल. थोरली दोन माणसांसाठी उगाच कांड्या खाईल. पत्रा जाड हवा, नाहीतर आच टिकत नाही. रोजच्या वापराला राख काढायची सोय आधी बघायची, कारण दमलेल्या माणसाला तेच काम नकोसं होतं. या सगळ्यात मी पास झाले. एवढं मन लावून मला कोणी पाहिलं नव्हतं, आणि मी आतल्या आत फुलून गेले.

शेवटी विश्वासरावांनी धुराचं विचारलं. रम्यानं मला पेटवून आकडा दोनशेवर नेला. माझ्या धुराड्यावर डोळ्यांना दिसेल असं काहीच नव्हतं. बघा सर, जवळजवळ धूर नाहीच, ती म्हणाली. विश्वासरावांनी तिथल्या तिथे खिशातून फोन काढला आणि घरी सांगितलं, "मिळाली गं. बिनधुराची." ते फोनवर बोलत असताना रम्या पुढचं वाक्य बोलत होती. मंद आचेवर लावाल तेव्हा मात्र धूर होणार, वास लागतो तो त्याचाच, म्हणून उघड्यावरच ठेवा. मी ते ऐकलं. विश्वासरावांनी मान हलवून "सरी, सरी", म्हणजे ठीक ठीक, म्हटलं, पण कान फोनकडे होते.

घरी मला गच्चीवर ठेवलं. पहिल्या रविवारी सकवारबाई कठड्याला धरून जिना चढल्या आणि माझ्याकडे नव्या सुनेकडे पाहावं तसं पाहत राहिल्या. ही काय शिजवणार, असा चेहरा. मटण मसाला लावून मातीच्या पसरट भांड्यात माझ्या जाळीवर ठेवलं आणि माझं झाकण लावलं.

इथे त्या घरचा एक नेम सांगायला हवा. घरची देवी भवानी. रविवारी मटण झालं की पहिलं ताट तिचं, आणि तिच्या आधी कोणी जिभेला लावायचं नाही. मग मीठ कसं कळणार? वासानं. सकवारबाई झाकण उघडायच्या, पदर सावरून वाकायच्या आणि वाफ खोल आत ओढून घ्यायच्या. क्षणभर डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, स्वल्प कमी आहे. मग चिमूटभर मीठ पडायचं. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. हॉटेलातल्या शंभर ताटांचं मीठही त्यांनी असंच ओळखलं होतं.

त्या रविवारी त्या वाकल्या, वास घेतला, आणि वर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. देवीचं ताट झाल्यावर त्या रागीचे दोन मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, जेवल्या. विश्वासराव आपलं जेवण विसरून त्यांच्याकडे बघत बसले होते. मित्रांनो, वस्तूच्या आयुष्यात असा दिवस एकदाच येतो. मला वाटलं, मी याचसाठी घडले.

पुढचं दीड वर्ष चांगलं गेलं. गच्चीवर वारा होता, माझा धूर निघाला की उडून जाई. सकवारबाई खुर्ची घेऊन माझ्याशेजारी बसायच्या, कारण शिजत्या अन्नाला एकटं सोडायचं नाही ही त्यांची जुनी खोड. आणि त्यांच्या शेजारी विश्वासराव. त्यांना माझ्या पाटीवरच्या आकड्यांचं भारी वेड. एकशे दहा, एकशे बारा, परत एकशे दहा, असं मोठ्यानं वाचायचे. सकवारबाई म्हणायच्या, गल्ल्यावरची सवय अजून जात नाही. मग दोघं हसायचे आणि हॉटेलातल्या एखाद्या चिकट गिऱ्हाइकाची गोष्ट निघायची.

मग सकवारबाईंचे गुडघे गेले. जिना चढवेना. विश्वासरावांनी विचार केला, हिला वर नेण्यापेक्षा शेगडीच खाली आणू. दोन माणसं बोलावून मला मागच्या पडवीत आणलं. पावसाचं पाणी माझ्या कांड्यांवर पडू नये, कारण ओली कांडी फुगून स्क्रूत अडकते, म्हणून उघड्या बाजूला वरपासून खालपर्यंत पारदर्शक प्लास्टिकचा पडदा लावला. तो नवा होता तेव्हा त्यातून अंगणातलं पेरूचं झाड दिसायचं. वर पत्रा, तिन्ही बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला पडदा. सगळं मायेनं केलेलं. आणि त्या मायेच्या पेटीत माझ्यासमोर दोन खुर्च्या.

मला पहिल्याच दिवशी कळलं. मंद आचेवर माझा धूर निळसर, अगदी पातळ असतो. उन्हात दिसत नाही, सावलीत तर नाहीच. पण असतो. आता तो जायला जागा नव्हती. त्यात सकवारबाई दर थोड्या वेळानं झाकण उघडायच्या. झाकण उघडलं की माझी आच उतरते. आच उतरली की स्क्रू जोरात फिरतो, वाटीत जास्त कांड्या पडतात, आणि त्या पेट घेईपर्यंत धूर दुप्पट होतो. नेमक्या त्या वेळी त्या वाकलेल्या असायच्या, श्वास ओढत. मी माझं काम जितकं चोख करत होते, तितकी मी त्यांना मारत होते. हे असं स्पष्टच सांगते, मित्रांनो. गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

पावसाळ्यात खोकला सुरू झाला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. सकवारबाई पदरात तोंड घालून खोकायच्या आणि पदर काढताना चेहरा सारखा करायच्या. दवाखान्यात दोनदा जाऊन आल्या. आल्यावर विश्वासराव फोनवर मुलीला सांगत होते, ते मी ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात चूल आहे का, धूर होतो का. त्यांनी उत्तर दिलं होतं, आमच्याकडे धूर नाही, मशीन आहे. खोटं बोलले नाहीत हो ते. त्यांच्या मते खरंच धूर नव्हता. डॉक्टरांनी हवेतल्या परागांना बोल लावला, ओढून घ्यायचं औषध वाढवलं आणि पाठवून दिलं.

मला बोलता आलं असतं तर! माझी भाषा म्हणजे चार आकडे आणि बिघाडाचा एक लाल दिवा. एकदा श्रावणात दमट हवेनं कांड्या फुगल्या आणि माझा स्क्रू अडकला. मी विझले. लाल दिवा लागला. माझ्या उभ्या आयुष्यात मला विझल्याचा एवढा आनंद झाला नव्हता. वाटलं, सुटल्या बाई. पण विश्वासरावांनी दुपारभर मांडी घालून मला उघडलं. एकेक कांडी सळईनं कोरून काढली, राख झाडली, वाटी घासली, आणि संध्याकाळी मी पुन्हा नव्यासारखी पेटले. इतक्या प्रेमानं मला कोणी पुसलं नव्हतं. त्या प्रेमाची मला शिसारी आली.

त्यांची मुलगी शिवानी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे, तिथेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला येईपर्यंत तिला रविवारची दुपार व्हायची. तोवर मी निवलेली असायचे, ताटं वाढलेली असायची. आईबापांना ती अक्का आणि अण्णा म्हणते, घरात सगळेच म्हणत म्हणून. खोकल्यावरून ती दर वेळी ओरडायची आणि नव्या डॉक्टरचं नाव देऊन जायची. पडवीत यायचं तिला कारणच पडत नसे.

गेल्या दसऱ्याला ती आदल्या दिवशी आली. तो खंडेनवमीचा दिवस. घरातल्या तलवारीला, हॉटेलातल्या सुऱ्यांना आणि मलाही हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते, म्हणून मीही थंड होते. दसऱ्याच्या सकाळी मात्र आठलाच मला पेटवलं. दोघं नेहमीसारखे येऊन बसले. थोड्या वेळानं आतून शिवानी आली ती खोकल्याच्या आवाजानं. सकवारबाई माझ्यावर वाकलेल्या होत्या आणि त्यांना वर उठता येत नव्हतं.

तिनं आईला धरून खुर्चीत बसवलं. पाठ चोळली. मग मान वर करून पडवीभर पाहिलं. तिची नजर पडद्यावर थांबली. पडदा चहाच्या फडक्यासारखा तपकिरी झाला होता, पेरूचं झाड त्यातून केव्हाच दिसेनासं झालं होतं. रोज बघणाऱ्यांना ते कळलं नव्हतं. शिवानीनं पडद्यावरून बोट फिरवलं आणि बापापुढे धरलं.

"अण्णा, हे काय आहे?"

विश्वासराव म्हणाले, रस्त्याची धूळ, मेट्रोची कामं चालू आहेत ना.

"धूळ चिकट नसते. आणि हे आतल्या बाजूनं आहे."

ही बिनधुराची आहे, दुकानात पेटवून दाखवली होती, असं काहीसं ते पुटपुटले. मग उठले. माझं झाकण उघडलं, आणि बायको वाकते तसे माझ्यावर वाकले. इतक्या दिवसांत ते कधी वाकले नव्हते, ते काम त्यांचं नव्हतं. त्यांनी श्वास ओढला. लगेच खोकत मागे सरले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला. तो मला विसरता येत नाही.

सकवारबाईंना तेवढ्यात बोलण्यापुरता दम आला होता. त्या म्हणाल्या, "पोरीचं खरं आहे. चाळीस वर्षं धुरात काढली मी. मला कळणार नाही होय?"

"कळत होतं?" विश्वासरावांनी विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

सकवारबाई श्वास गोळा करत बोलल्या. एकेका शब्दासाठी थांबावं लागत होतं.

"तुम्ही जवळ येऊन बसत होता की," त्या म्हणाल्या. "हॉटेलात कधी मागं आलात? घरीसुद्धा पुढच्या खोलीत टीव्ही, आत मी. ही आली तेव्हा तुम्ही येऊन बसलात. बोलले असते तर ही गेली असती. आणि तुम्ही परत पुढच्या खोलीत."

विश्वासरावांनी माझी वायर भिंतीतून ओढून काढली. मटण तसंच कच्चं राहिलं. त्या दसऱ्याला देवीला ताट गेलं नाही.

त्याच आठवड्यात सकवारबाई दवाखान्यात भरती झाल्या आणि बारा दिवसांनी घरी आल्या त्या हवेतला प्राणवायू वेगळा काढून देणाऱ्या एका मशीनसकट. डॉक्टरांनी या वेळी शिवानीला समोर बसवून सांगितलं. जे राखायला सांगितलं होतं, त्यातलंही बरंच गेलं. आता बरं होणं नाही, फक्त सांभाळणं. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि या तिघांनी विचारलं नाही.

खिडकीतून मला त्या दिसतात. दिवसरात्र नाकात नळी. वास येत नाही म्हणतात. दहीभात दोन घास, तोही शिवानीनं भरवला तर. ती आता इथे राहून घरून काम करते. मला विकून टाकायचं तिनं दोनदा काढलं. कोणाला देऊ नकोस, विश्वासराव म्हणाले, दुसऱ्या कोणाच्या घरी नको. म्हणून मी इथे आहे. पडदा त्यांनी त्याच दिवशी फाडून टाकला होता, त्यामुळे पाऊस आता सरळ आत येतो.

आणि विश्वासराव खाटेशेजारी बसलेले असतात. सकाळी असतात, दुपारी असतात. पेपर वाचून दाखवतात, घेवड्याच्या शेंगा सोलतात, कधी नुसते बसतात. तिथे शेगडी नाही, आकडे नाहीत, बघत बसायला काहीच नाही, तरी बसतात. पुढच्या खोलीतला टीव्ही कित्येक महिन्यांत लागलेला मला ऐकू आला नाही. सकवारबाईंनी जे माझ्या धुराच्या बदल्यात मिळवलं, ते काही न मोजताही मिळणार होतं. एवढ्यासाठी मी लागतच नव्हते. हे मला रोज बघावं लागतं, आणि वस्तूला डोळे मिटता येत नाहीत.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला पुसा, झाका, जपा. माझं तसं मागणं नाही. मला गंजू द्या. चांगली शेगडी कशी निवडावी ते रम्या तुम्हाला माझ्यापेक्षा नीट सांगेल. मला एवढंच सांगायचं आहे, की तुमच्या घरात आत्ता या क्षणी कोणी स्वयंपाकघरात एकटं असेल, तर उठा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांच्यासाठी काही आणायला बाजारात जाऊ नका.